एमए इतिहास, सेमिस्टर २ : ओजेटी कुठं करावं? (जालना-संभाजीनगर परिसर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एमए इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, विद्यापीठ अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचं ओजेटी आलंय, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, १२० तासांचं. केमिस्ट्रीवाल्यांचं बरंय, त्यांना वाळूज आहे, जालन्याची एमआयडीसी आहे. कॉमर्सवाले सीएकडे नाहीतर पतसंस्थेत बसतात. इतिहासवाल्यांनी जायचं कुठं? जालन्याच्या स्टील कारखान्यात सातवाहन शिकवायला?

कॉलेजात विचारलं तर "तुमचं तुम्ही बघा, सही-शिक्क्याचं पत्र आणा, फाइल जमा करा" एवढंच. वर्गातल्या बऱ्याच जणांची सोय झालीसुद्धा. कुणाच्या मामाची इंग्लिश स्कूल, कुणाच्या दाजींचं वाचनालय. शिक्का बसला की तास भरले. झेरॉक्सवाल्याकडे मागच्या बॅचची फाइल तयार मिळते, नाव तेवढं बदलायचं. मी ती चाळली. हजेरीच्या तक्त्यात सगळ्या रविवारी सुद्धा "स. १० ते ४", आणि गुढीपाडव्यालाही हजर! वर्गातल्यांना मी नावं ठेवत नाही, निम्मे जण दुकानात, शेतात, टेम्पोवर काम करून शिकतात. पण मला एवढे तास मिळतायतच तर काहीतरी खरं शिकायचंय.

मला ओढ आहे ती जुन्या कागदांची. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती, आठवत असेल. त्याच सुमारास चुलत्यांबरोबर नक्कल काढायला तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेले होते. शिपायाने लाल फडक्यातलं बांधलेलं दप्तर टेबलावर आपटलं, गाठ सोडली, धुळीने आम्ही दोघं शिंकायला लागलो. आत कडा झिजलेले, कसरीने जाळी केलेले कागद. खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, आम्हाला वाचता आलं. त्याच्या खालच्या एका कागदावर मोडीत सात-आठ ओळी आणि शेजारी उर्दूत शेरा. चुलते म्हणाले, "तू इतिहास शिकतीस ना, वाच की." काय वाचणार? अभ्यासक्रमात मोडीची ओळख आहे, पण ओळख आणि वाचन यात फार अंतर आहे.

तर माझ्या डोक्यात आहेत त्या जागा अशा: संभाजीनगरचं पुराभिलेखागार (जुनी सरकारी कागदपत्रं जपतात ते), पैठणचं बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय, नाहीतर आमच्याच तहसीलची रेकॉर्ड रूम. तेरचं लामतुरे संग्रहालय फार बघायचंय, पण ते धाराशिव जिल्ह्यात, रोज जाणं-येणं अशक्य. चौथा विचार जरा वेगळा आहे. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत रझाकारांचा काळ पाहिलेली चार-पाच माणसं अजून आहेत. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून लिहून काढल्या तर ते ओजेटीत धरतात का?

अडचणी म्हणाल तर, खोली करून राहणं परवडणार नाही. एसटीला अर्धं तिकीट आहे म्हणून येऊन-जाऊन करता येईल, पण दिवेलागणीच्या आत घरी पोचायला हवं. शिष्यवृत्तीचा हप्ता महाडीबीटीवर (सरकारी पोर्टलवर) अडकलाय, तो कधी येईल त्याच्या भरवशावर काही ठरवता येत नाही. कुणी या जागी काम केलंय का? अर्ज कुणाच्या नावे करायचा? मोडी इतक्या दिवसांत हाताला लागते का?

प्रतिसाद
एवढं कशाला डोकं लावता ताई. पत्र आणा, फाइल टाका आणि ते १२० तास नेट-सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या, अभ्यासाला द्या. इंटरव्ह्यूला ओजेटी कुठं केलं हे कुणी विचारत नाही. अनुभवाचे बोल.

प्रतिसाद
वरच्या प्रतिसादाशी असहमत, पण त्यात तथ्य नाही असंही नाही. मी इतिहास शिकवून निवृत्त झालो.

बाई, तुझा चौथा विचार सगळ्यात चांगला आहे आणि तो नियमातही बसतो. पदव्युत्तर आराखड्यात त्या चार क्रेडिटपुढे "ओजेटी/एफपी" असं लिहिलेलं असतं. एफपी म्हणजे फील्ड प्रोजेक्ट. विषयाशी संबंधित क्षेत्रकार्य चालतं. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधलं ते पान काढून मार्गदर्शकांसमोर ठेव आणि विषयाला लेखी मान्यता घे. तोंडी "हो, कर" वर जाऊ नकोस, तोंडी परवानगी परीक्षेच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

आणि हे आधी कर. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. पुराभिलेखागार पुढच्या वर्षीही तिथंच असेल.

विचारायचं कसं, तेही सांगतो. "रझाकार कसे होते?" असं विचारलंस तर मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात ऐकलेलं भाषण तुला परत ऐकू येईल. बारीक विचार. त्या साली जोंधळा कुठल्या पेवात (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) लपवला होता? गाव सोडून संस्थानाच्या हद्दीबाहेर कोण गेलं, मागं म्हशी कुणी सांभाळल्या? बाजारात हाली रुपया (निजामाचा) चालायचा की कलदार (इंग्रजांचा)? सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब जुन्या माणसांच्या तोंडी असायचा, त्यावरून सावकार, बाजार, लग्न, सगळं निघतं. बायकांना वेगळं बसवून विचार. पुरुषमंडळी शेजारी असली की आजीबाई "यांनाच विचारा" म्हणून मोकळ्या होतात. मुस्लिम घरांतल्या म्हाताऱ्यांकडेही जा. सप्टेंबरनंतर त्यांच्यावर काय गुजरलं हे गावात सहसा कुणी काढत नाही. रेकॉर्डिंगच्या आधी संमतीची सही किंवा अंगठा घे, आणि नाव छापू नका म्हणाले तर छापू नकोस.

प्रतिसाद
मी महसूल खात्यात आहे, म्हणून रेकॉर्ड रूमपुरतं लिहितो. तिथं बाहेरच्या माणसाला कागद हाताळू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, जमिनीचे दावे त्यावर चालतात. पण प्राचार्यांचं पत्र तहसीलदारांच्या नावे असेल, त्यात "अभिलेखांची यादी करण्यास मदत" असं स्पष्ट म्हटलं असेल, तर विचार होऊ शकतो. मार्च अखेरीस जाऊ नका, कुणी मान वर करून बघणार नाही. पैठणसाठी पत्र पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संभाजीनगरच्या कार्यालयाला द्या. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद यांचा तिथं संबंध नाही, ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे.

जुन्या कागदावर १३५७ वगैरे दिसलं तर दचकू नका. तो फसली सन, म्हणजे निजामाच्या काळातला महसुली सन, त्यात ५९० मिळवा की साधारण इसवी सन निघतं.

प्रतिसाद (धागाकर्ती)
सर्वांचे मनापासून आभार. सर, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून बघितली, खरंच "ओजेटी/एफपी" आहे! आमच्या वर्गात हे कुणालाच माहीत नव्हतं. हाली-कलदारचं आजीला विचारलं तर तिने लगेच तिच्या लग्नातल्या पुतळ्यांच्या माळेचा भाव सांगायला सुरुवात केली, मोबाइल चार्जिंगला होता म्हणून रेकॉर्ड झालं नाही.

पहिल्या दादांना: नेटचा अभ्यास चालू आहे हो, एसटीत बसून.

आता ठरवलंय ते असं की फील्ड प्रोजेक्ट आठवणींवर करायचं आणि मोडी परीक्षेनंतर सावकाश. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं असं ऐकलंय, त्याबद्दल कुणाला कळलं तर इथंच टाका. आणि एक विचारायचं राहिलं. मुलाखती आमच्या बोलीत आहेत, त्या फाइलमध्ये जशाच्या तशा लिहायच्या की प्रमाण भाषेत?

प्रतिसाद
जशाच्या तशा. खाली तळटिपेत अवघड शब्दांचा अर्थ दे. बाहेरून आलेल्या परीक्षकाला "पेव" कळेलच असं नाही. तास मोजताना नुसता बोलण्याचा वेळ धरू नकोस, ऐकून लिहून काढायला एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास सहज जातात. तेही रोजच्या डायरीत तारखेसह लिही आणि दर आठवड्याला मार्गदर्शकांची सही घे. आजीपासूनच सुरुवात कर, मोबाइल चार्ज करून.