परदेशी ब्रँड, स्थानिक इन्फ्लुएन्सर आणि फसलेला ग्राहक : उत्तर कोणी द्यायचे?

नव्या देशात उतरणाऱ्या ब्रँडचे नाव तिथे कोणाला ठाऊक नसते आणि नुसत्या जाहिरातींवर लोक लगेच भरवसा ठेवत नाहीत. मग तो ब्रँड त्या देशातल्या एखाद्या इन्फ्लुएन्सरला, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्या माणसाला, गाठतो, कारण त्याने कित्येक वर्षे खपून मिळवलेला प्रेक्षकांचा विश्वास तिथे आयता मिळतो. ब्रँड पैसे मोजतो ते या विश्वासाचे. माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्याने हा विश्वास विकला त्याने वस्तूविषयी केलेल्या दाव्यांची जबाबदारीही घ्यावी. परदेशी ब्रँडच्या बाबतीत ती अधिकच वाढते. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या खंडात, माल परत पाठवायचा पत्ता परदेशातला, ग्राहक सेवेची भाषा अनोळखी. अशा वेळी ग्राहकाला ओळखीचा असा एकच चेहरा दिसतो आणि तो इन्फ्लुएन्सरचा असतो.

जून २०२३ मध्ये शीन या कपड्यांच्या कंपनीने काही अमेरिकी इन्फ्लुएन्सरना स्वखर्चाने चीनमधील ग्वांगझू येथे नेले आणि आपल्या व्यवस्थेचा एक भाग दाखवला. कंपनीच्या पुरवठादारांकडील कामाच्या तासांबद्दल आणि मजुरीबद्दल आधीपासून गंभीर आरोप होत होते. तरीही परतल्यावर सर्व काही ठीक असल्याची ग्वाही देणारे व्हिडिओ प्रसिद्ध झाले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. यजमानाने दाखवला तेवढाच कारखाना पाहून आलेल्या माणसाला संपूर्ण कारभाराची ग्वाही देता येत नाही, हे समजायला कायदा लागत नाही. ही ग्वाही देणाऱ्यांना मी निरपराध मानू शकत नाही.

प्रतिसाद १

आपल्याशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि आपलेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. तिथे काय दाखवायचे हे कंपनीने ठरवले, खर्च कंपनीने केला, लाभही कंपनीचाच होणार होता. लोकांचा राग मात्र मोठ्या प्रमाणात त्या पाहुण्यांवर निघाला. यात कंपनीचे फावते. ब्रँड चेहरा भाड्याने घेतो तो विश्वासासाठी, हे मला मान्य आहे. पण चूक झाल्यावर तोच चेहरा ढालीसारखा पुढे करण्याची सोयही त्याला मिळते.

जपानने १ ऑक्टोबर २०२३ पासून छुप्या, म्हणजे जाहिरात असल्याचे न सांगता केलेल्या जाहिरातींवर बंदी घातली, तेव्हा कारवाईचा रोख माल विकणाऱ्या कंपनीवर ठेवला. पैसे घेऊन लिहिणाऱ्या इन्फ्लुएन्सरवर नाही. मला ही मांडणी न्याय्य वाटते. वस्तूत काय घातले आहे, चाचण्यांचे निष्कर्ष काय आले, कोणत्या तक्रारी आधी आल्या होत्या, हे सारे कंपनीला माहीत असते. इन्फ्लुएन्सरच्या हाती येते ती एक पेटी आणि दोन पानांची ब्रीफ, म्हणजे व्हिडिओत काय दाखवायचे आणि काय बोलायचे याच्या सूचना.

प्रतिसाद २

परदेशी कंपन्यांच्या ब्रीफचे आणि करारांचे भाषांतर हे माझे रोजचे काम आहे, म्हणून त्या दोन पानांबद्दल थोडे सांगते. त्वचेच्या एका क्रीमच्या ब्रीफमध्ये तीन अटी होत्या: पहिल्या तीन सेकंदांत डबी हातात दिसावी, ब्रँडचे नाव दोनदा घ्यावे आणि ‘मला सात दिवसांत फरक जाणवला’ हे वाक्य जसेच्या तसे यावे. डबी ते काम घेतलेल्या इन्फ्लुएन्सर मुलीच्या हाती पडली सोमवारी, आणि व्हिडिओ द्यायचा होता गुरुवारी. तिने वाक्य बदलून मागितले. मधल्या जाहिरात एजन्सीने कंपनीच्या मुख्यालयाला विचारले आणि उत्तर आले, की वाक्य कायदा विभागाने मंजूर केलेले असल्यामुळे बदलता येणार नाही. मंजुरी देणाऱ्यांनी त्यांच्या देशातला कायदा पाहिला होता की तिच्या, हे कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही. शेवटी तिने ‘वापरून पाहते, सात दिवसांनी सांगते’ असे म्हटले. व्हिडिओ नाकारला गेला आणि मोबदला मिळाला नाही.

ती खोटे बोलली नाही याचा मला मनापासून आदर वाटतो. पण तिच्या हाती त्या महिन्यात दुसरे काम होते म्हणून तिला नाही म्हणणे परवडले, हेही नमूद करायला हवे.

धागाकर्त्याचे उत्तर

हा अनुभव वाचून माझे मत थोडे बदलले, पण मूळ मुद्दा मी सोडणार नाही. त्या मुलीने जे केले तेच इतरांनी करावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. आणि तसे न करणाऱ्याला काहीच भोगावे लागत नसेल, तर तिने सोसलेल्या नुकसानीला अर्थ काय उरतो?

शिवाय देशाची सीमा ही सबब होऊ शकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे, की पोस्ट परदेशातून टाकली असली, तरी तिचा परिणाम अमेरिकी ग्राहकांवर होईल हे सहज कळण्यासारखे असेल, तर तिथला कायदा लागू होतो. फ्रान्सचा ९ जून २०२३ चा कायदा तर जाहिरातदार आणि इन्फ्लुएन्सर यांना, करार पार पाडताना तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाल्यास, संयुक्तपणे जबाबदार धरतो. मला ही वाट योग्य वाटते. दोघांनी मिळून कमावले असेल, तर भरपाईही दोघांनी मिळून करावी.

प्रतिसाद १ (पुन्हा)

संयुक्त जबाबदारी कागदावर समान दिसते. प्रत्यक्षात ज्याचा पत्ता जवळ असतो त्याच्याकडेच वसुली आधी पोहोचते, आणि परदेशी ब्रँडच्या बाबतीत तो पत्ता बहुधा इन्फ्लुएन्सरचा असतो. त्याच फ्रेंच कायद्यात, युरोपीय संघाबाहेर राहून फ्रेंच प्रेक्षकांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने संघात कायदेशीर प्रतिनिधी नेमावा आणि विमा उतरवावा, अशी अट आहे. मोठ्या नावांना ती पेलेल. दहा-वीस हजार फॉलोअर असलेला एकटा माणूस काय करील? अशी अट आधी ब्रँडवर हवी: ज्या देशात चेहरे भाड्याने घ्यायचे, त्या देशात तक्रार घेणारा आणि पैसे परत करण्याचा अधिकार असलेला माणूस नेमावा, आणि मगच करार करावा.

प्रतिसाद ३

आपण दोघेही शिक्षेबद्दल बोलत आहात. मला अधिकाराबद्दल बोलायचे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये डॉल्चे अँड गबाना या इटालियन ब्रँडने चीनसाठी केलेल्या जाहिरातीत एक चिनी तरुणी चॉपस्टिकने पिझ्झा खाण्याची धडपड करताना दाखवली होती. त्यावरून संताप उसळला आणि ब्रँडला शांघायमधला आपला फॅशन शो रद्द करावा लागला. चित्रीकरणाआधी तिथल्या एखाद्या इन्फ्लुएन्सरला जाहिरातीचा मजकूर नुसता दाखवला असता आणि त्याचे ऐकले असते, तर ती जाहिरात बाहेर पडली नसती असे मला वाटते. मजकूर बदलण्याचा हक्क करारात लिहून द्या; मग त्या मजकुराची जबाबदारी मागा. क्रीमच्या त्या मुलीला तो हक्क नव्हता.

धागाकर्त्याचे उत्तर

ब्रँडचा स्थानिक प्रतिनिधी आणि मजकूर बदलण्याचा हक्क, दोन्ही मला मान्य आहेत. हे दोन्ही मिळाल्यावरही जो न वापरलेल्या वस्तूची खात्री देईल, तो माझ्या दृष्टीने दोषीच राहील. पैसे घेतल्याचा खुलासाही प्रेक्षकाच्या भाषेत आणि व्हिडिओच्या सुरुवातीलाच असावा. परक्या भाषेतला एक शब्द कोपऱ्यात टाकणे हा खुलासा नव्हे. भाषांतर करणाऱ्या ताईंना एक विचारायचे आहे: त्या करारात व्हिडिओच्या वापराची मुदत किती होती?

प्रतिसाद २ (पुन्हा)

मुदत नव्हती. ‘सर्व देशांत, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द होते आणि ते नवव्या पानावर, गोपनीयतेच्या कलमाखाली होते. सही करून झाल्यावर तिने मला विचारले होते, की कायमस्वरूपी म्हणजे नेमके किती वर्षे. तेव्हापासून कोणताही करार हाती आला, की मी मुदतीचे कलम आधी शोधते आणि भाषांतराच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून देते.