मदत हवी आहे: बोलावलेले लांडगे जास्त वेळ कसे टिकवायचे?

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा रोल-प्लेइंग गेम, फिफ्थ एडिशन, २०१४ चे रूल्स, माझा सर्कल ऑफ द शेफर्ड या उपप्रकारातला ड्रुइड (निसर्गाची जादू वापरणारं कॅरॅक्टर) आता सातव्या लेव्हलला आहे. कंज्युर ॲनिमल्स या स्पेलने आठ लांडगे आणतो आणि पॅक टॅक्टिक्समुळे (सोबती शत्रूजवळ असला की हल्ला लागायची शक्यता वाढते) मारतात एकदम जबरदस्त, पण टिकत नाहीत हो. मुळात ११ हिट पॉइंट, मायटी समनर या शेफर्डच्या क्षमतेमुळे १५ होतात, वर बेअर टोटेमचे (मी बोलावतो त्या अस्वलाच्या आत्म्याचे) १२ टेम्पररी पॉइंट म्हणजे २७, आणि फायरबॉल स्पेलचं सरासरी डॅमेजच २८! सेव्ह (बचावाचा डाइस रोल) झाला तर वाचतात, नाही झाला तर बहुतेक अख्खा कळप साफ.

त्यात टोटेमचे टेम्पररी पॉइंट फक्त तो टोटेम आणताना ३० फुटांत असलेल्यांनाच मिळतात, त्यामुळे मी आधी लांडगे आणतो, मग बोनस ॲक्शनने बेअर. हे बरोबरच आहे ना?

खरी अडचण कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे स्पेल चालू ठेवायला लागणाऱ्या एकाग्रतेची. मला एक बाण लागला आणि सेव्ह हुकला की आठही गायब, मग बाकीचं सगळं करून काय उपयोग. आठव्या लेव्हलला वॉर कास्टर घेऊ की रेझिलियंट कॉन्स्टिट्यूशन (दोन्ही हा सेव्ह सुधारणारे फीट)? माझा कल रेझिलियंटकडे आहे कारण पुढे प्रोफिशियन्सी (लेव्हलप्रमाणे मिळणारा बोनस) वाढत जाते, पण ज्यांनी खरंच खेळलंय त्यांचं ऐकायचंय.

आणि आमचा क्लेरिक ब्लेस (हल्ल्याला आणि सेव्हला चार बाजूंचा डाइस, म्हणजे डी-फोर, जोडणारा स्पेल) टाकायला तयार आहे पण तो तिघांनाच लागतो, तर तो लांडग्यांवर घालवावा की मला द्यावा, म्हणजे सेव्हला तरी डी-फोर मिळेल? की आठ लांडग्यांऐवजी दोनच दणकट प्राणी आणू? प्लीज सांगा, हे कॅरॅक्टर मला फार आवडतंय.