गच्चीवरचा पिक्चर आणि पार्किंगमधली चापट

*ए-३०४ :* नमस्कार. मेसेज मोठा आहे, निवांत वाचा. शनिवारी गच्चीवर प्रोजेक्टर लावून पिक्चर दाखवला. पहिल्या सतरंजीवर आपली पोरं, सगळ्यात धाकटं पहिलीतलं. पिक्चरमध्ये नाही म्हणणाऱ्या मुलीच्या कानाखाली हिरो वाजवतो, तेव्हा मागून आपल्याच मोठ्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. काल संध्याकाळी पार्किंगमध्ये माझ्या मुलाने, वय ७, सायकल देत नाही म्हणून ए-१०३ मधल्या मुलीला तश्शीच मारली. मारायच्या आधी मान तिरकी केली, बाही वर सारली. मी गॅलरीतून बघत होते. तिच्या आईची माफी मागून आले. पण पोराला काय बोलू? शिट्ट्या त्यानेही ऐकल्या होत्या.

*बी-१०१ काका :* ताई, पोरं भांडायचीच. आम्हीही मारामारीचे पिक्चर बघतच मोठे झालो. कोण गुंड झालं?

*ए-३०४ :* काका, तुम्ही कधीतरी तिकीट काढून जायचात, घरी येऊन विसरायचात. रविवारी जेवताना माझ्याच मोबाईलवर तेवढाच सीन त्याला रीलमध्ये सापडला. भाकरीचा तुकडा हातात तसाच, अन् पुन्हा पुन्हा तेच. मी मोबाईल काढून घेईपर्यंत तो सीन त्याला पाठ झाला होता.

*सी-२०२ सर :* काळजी समजते. फक्त ‘संस्कृती’ म्हणून सरसकट बंदीकडे जाऊ नका. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचेच. शृंगाराच्या लावण्या रचल्या आणि कीर्तनंही केली. अकलूजने तर लावणीला मानाचं व्यासपीठ दिलं. शृंगार म्हणजे अनीती नव्हे.

*ए-३०४ :* सर, अगदी मनातलं बोललात. शनिवारी नायक-नायिका जवळ आल्यावर ‘पुढे घे, पुढे घे’ म्हणून चौघं ओरडली आणि ते अख्खं गाणं पळवलं. चापटीचा सीन कुणीच पळवला नाही. दोघं राजीखुशीने जवळ आली की आपण पोरांचे डोळे झाकतो आणि मुलीला मारलं की टाळ्या पिटतो. मला लाज त्याची वाटते. माझ्या घरीही इतकी वर्षं हेच चालत आलं, हेही सांगते.

*डी-४०१ :* पिक्चर मी निवडला होता. सेन्सॉरने पास केलेला, यूए होता, म्हणून लावला.

*बी-३०२ वकीलताई :* दादा, यूए खरं, पण १६+. सिनेमाचा कायदा १९५२ चा. आधी यूए म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन, एवढंच होतं. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. आणि हे वय पालकांनी ठरवण्यासाठी आहे, दुसरं कुणी त्याची सक्ती करणार नाही, हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे थिएटरचा डोअरकीपर अडवणार नाही, आपणच बघायचं. ओटीटीवरही २०२१ च्या नियमांप्रमाणे १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय द्यावीच लागते. सुरुवातीला हिंसा, शिवीगाळ असं लिहून येतं, ते वाचत चला. आपल्यापैकी किती घरांत पिन टाकलाय?

*डी-४०१ :* आमच्याकडे नाही. आज टाकतो. पुढच्या पिक्चरचं सर्टिफिकेट आधी ग्रुपवर टाकेन.

*सी-२०४ :* मग काय, फक्त कार्टूनच बघायची का मोठ्यांनी? आठवडाभर राबून शनिवारीच दोन तास मिळतात.

*ए-३०४ :* नाही हो वहिनी. मोठ्यांचा पिक्चर रात्री १० नंतर लावू, पोरं झोपल्यावर. पोरांबरोबरच्या पिक्चरमध्येही मारामारी असली तर असू दे. पण अशा जागी थांबवायचं आणि ‘तिला काय वाटलं असेल?’ एवढं पोरांना विचारायचं. काल रात्री मी माझ्या मुलाला विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘पण तिथं सगळे हसले ना.’

*डी-४०१ :* शनिवारी रिमोट तुमच्याकडे देतो, ताई. साडेसातला.

*बी-१०१ काका :* शिट्टी मारणाऱ्यांत मी होतो. सकाळपासून तेच डोक्यात आहे. त्या पोरीला भेटायला येऊ का? तुमच्या मुलालाही घेऊन जातो, ताई, दोघं मिळून बोलतो.

*ए-१०३ :* या की काका. ती सातला क्लासवरून येते.