ब्लॉगवरची बातमी, टाइपरायटर आणि झेरॉक्स

कंपोझिटर: काल 'खडूस' यांनी फर्मावलं की ब्लॉगवर संपादक नसतो, तेव्हा तिथलं काही बातमी म्हणून धरूच नये. म्हणून हे लांबलचक उत्तर.

८ सप्टेंबर २००४. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातल्या नोकरीबद्दल सीबीएस या तिथल्या टीव्ही वाहिनीने १९७२-७३ ची म्हणून काही टिपणं दाखवली. निर्माते, वकील, वरिष्ठ, अख्खी उतरंड हजर. त्या रात्रीपासून जालावरच्या लोकांनी अक्षरं धरली: एम रुंद, आय अरुंद (साध्या टाइपरायटरवर सगळी एकाच रुंदीची), आकड्यापुढचा 'टीएच' वर चढवलेला. एका ब्लॉगरने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एकही सेटिंग न बदलता टंकला आणि टिपणावर ठेवून पाहिला. ओळीसुद्धा त्याच शब्दांवर तुटल्या! २० सप्टेंबरला सीबीएसची माघार. संपादक कुठे होते हो?

खडूस: अर्धीच गोष्ट सांगायची सवय जुनी आहे. 'तेव्हा असे टाइपरायटर नव्हतेच' हाही तुमच्या ब्लॉगवाल्यांचाच दावा, आणि साफ चूक. आयबीएम एक्झिक्युटिव्ह १९४० च्या दशकापासून कमीजास्त रुंदीची अक्षरं मारत होता. चढवलेल्या टीएचची कळही काही यंत्रांवर होती.

खरी गोम वेगळीच. सीबीएसच्या हाती नुसत्या झेरॉक्स. त्यावरून शाई, कागदाचं वय, कळीचा दाब, काहीच तपासता येत नाही. तज्ज्ञाने सहीपुरतं मत दिलं, ते सगळ्या कागदाला चिकटवलं गेलं. आणि टिपणं देणारा बर्केट ती कुठून मिळाली याबद्दल खोटं बोलला होता. हे फॉन्ट जुळवून कळत नसतं, माणसं गाठावी लागतात.

कंपोझिटर: एक्झिक्युटिव्हचं मान्य, घ्या. पण टाइपरायटरवर घंटी वाजली की ओळ कुठे तोडायची ते टंकणारा ठरवतो. त्याने दर वेळी तीस वर्षांनंतरच्या वर्डला विचारून तोडली वाटतं?

ढापण: आपल्याकडे सोपं आहे. ₹ चिन्ह जुलै २०१० मध्ये मंजूर झालं. २००८ च्या पत्रात ते दिसलं की पत्र बाद.

खडूस: मूळ पत्र नंतर कुणी पुन्हा टंकून काढलं असेल तर? नक्कल आणि बनावट यांत फरक असतो. आधी मूळ प्रत मागा.

शेंडीचा श: फॉन्टचा विषय निघालाच आहे तर, विंडोजच्या मंगल या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे का? २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयात मराठी वळण दिलंय. ते कोण पाळतं?

ढापण: काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' लावली की ती बदलतात. म्हणजे एकच फाइल दोन यंत्रांवर वेगळी दिसू शकते. नुसत्या वळणावरून कागद खोटा ठरवू नका.

शेंडीचा श: म्हणजे दोष आमचाच! छान.

मंत्रालय वारी: ल-श पुरे. फिरत आलेला शासन निर्णय तपासायचा असेल तर खाली संकेतांक असतो. पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस. वरच्या तारखेशी दोनचार दिवसांचा फरक चालतो, वर्षाचा नाही. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर शोधा, पीडीएफ तिथूनच उतरवा आणि डिजिटल स्वाक्षरी त्या फाइलमध्ये पाहा. मोबाइलने काढलेल्या फोटोत ती तपासता येत नाही. तिथे उरतं ते स्वाक्षरीचं चित्र.

खडूस: आणि चूक निघाली तर शासन शुद्धिपत्रक काढतं. ब्लॉगवाला? मजकूर गुपचूप बदलतो. ब्लॉगर या गुगलच्या सेवेवर तर प्रकाशनाची तारीखही हाताने मागे नेता येते. कालचा पेपर मात्र रद्दीत तसाच असतो, संपादक-मुद्रक-प्रकाशकाच्या नावांसकट.

कंपोझिटर: नावं घेऊन प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे जा. ताकीद, फार तर निषेध. दंडाचा अधिकारच नाही. तारखेचं मात्र नाइलाजाने कबूल. म्हणून ब्लॉगचा दुवा देण्याआधी पानाची प्रत वेबॅक मशीनवर (जालावरच्या पानांच्या जुन्या प्रती तारखेसह ठेवणारं संकेतस्थळ) जतन करायची आणि तिथली तारीख धरायची. 'तोवर तरी हे पान होतं' एवढं तरी पक्कं होतं.

खडूस: खरं की खोटं ते नाही होत.

कंपोझिटर: ते छापूनही होत नाही, साहेब. सप्टेंबर २००४, पुन्हा वाचा.

शेंडीचा श: वर 'शासन' लिहिलंय, त्यातला श तुम्हाला कुठल्या वळणाचा दिसतोय?