‘किंग पोस्ट’ला खांब म्हणावे का?

अनुवादिका: छपरांवरील पाठ्यपुस्तिकेचा अनुवाद करताना मी ‘ट्रस’साठी, म्हणजे छपराला आधार देणाऱ्या लाकडांच्या त्रिकोणी सांगाड्यासाठी, ‘कैची’ आणि ‘किंग पोस्ट’साठी ‘राजस्तंभ’ हे शब्द योजले. साधारण ५ ते ८ मीटर गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) लाकडी कैचीत मधोमध असा एक उभा भाग असतो आणि ८ ते १२ मीटरच्या ‘क्वीन पोस्ट’ कैचीत दोन. तपासणाऱ्या अभियंत्यांनी ‘स्तंभ’ खोडून समासात ‘हा भार पेलत नाही’ एवढेच लिहिले. मग याला म्हणावे तरी काय?

कोकणवासी: आमच्या जुन्या घरात आढ्याखाली, तुळईच्या मधोमध असाच उभा तुकडा आहे आणि आजोबांपासून सगळे त्याला खांबच म्हणत आले. आढ्याचा भार तो तुळईवर टाकतो, आणि त्यामुळे तुळईला आलेला बाक जमिनीवर उभे राहूनही दिसतो.

स्थापत्यकार: आपल्या घरातील तो तुकडा खरोखरच खांब आहे, पण ती कैची नव्हे. कैचीत तिरप्या लाकडांची वरची टोके मधल्या लाकडाच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात आणि तुळई त्या लाकडाला खालून टांगलेली असते. एका जुन्या शाळेच्या दुरुस्तीत मी माळ्यावर चढून पाहिले, तेव्हा तुळईला खालून वेढा घालून वर आलेली लोखंडी पट्टी त्या लाकडात पाचरी ठोकून ताणलेली होती आणि लाकडाचे बूड व तुळई यांच्यामध्ये सुरी सरकेल एवढी फट होती. ज्याच्या बुडाखाली फट आहे, त्याला खांब कसे म्हणावे? मी ‘टांगणी’ म्हणेन.

शुद्धलेखी: ‘टांगणी’ मान्य, परंतु ‘कैची’ तुर्की आहे. ‘तुळई’च्या मुळाशी असलेल्या ‘तुला’ शब्दाला संस्कृतात तराजूबरोबरच घराची तुळई हाही अर्थ आहे. एवढी संपत्ती घरात असताना उसना शब्द कशासाठी?

स्थापत्यकार: सुताराला ‘कैची उभी करा’ म्हटले की तो कामाला लागतो, नवा संस्कृत शब्द त्याला आधी समजावून सांगावा लागेल.

कोकणवासी: पुस्तिकेत पाख्याच्या उताराविषयी काय लिहिले आहे? मंगलोरी कौलांना आमच्याकडे बराच उभा उतार ठेवतात.

स्थापत्यकार: कैचीची उंची गाळ्याच्या चौथ्या हिश्शाइतकी धरली, तर उतार सुमारे २६.५ अंश येतो. ६ मीटरच्या गाळ्याला दीड मीटर उंची. कोकणातल्या पावसाला मी याहून कमी ठेवणार नाही.

अनुवादिका: उताराचे वाक्य दुरुस्त करते. पण ‘टांगणी’ लिहिले, तर दोन उभ्या भागांच्या कैचीला ‘दुटांगणी’ म्हणावे का?

शुद्धलेखी: तिथेही आधी ‘कैची’चा निकाल लावावा लागेल.