प्रति: ही जाहिरातबाजी नव्हे
मन वळवणारी भाषा शिकवणं म्हणजे मुलांना जाहिरातबाजी शिकवणं, असं काहींचं म्हणणं आहे. मला नाही पटत. मी कोल्हापुरात दहावीला मराठी शिकवते. विनंतिपत्र अभ्यासक्रमात आहेच, पण मुलं साचा पाठ करतात. म्हणून इथल्या रंकाळा तलावाच्या स्वच्छतेबद्दल महापालिकेला पत्र लिहायला लावलं. पहिल्या खेपेला सगळ्यांचं 'कृपया लक्ष द्यावे'. मग १८९७ मधला 'केसरी'चा मथळा फळ्यावर लिहिला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' नुसता प्रश्नच आरोप कसा करतो, यावर अख्खा तास गेला. दुसऱ्या खेपेला एकीनं लिहिलं, 'नाक दाबून आजोबांनी किती फेऱ्या मारायच्या?' आणि हो, हीच मुलं आता प्रचारसभेतल्या भाषणातली युक्तीही बरोबर पकडतात.