शब्दचर्चा : इमान, शेजारधर्म आणि 'धर्माचं'

हर्णैकर :
परवा घरी वाद झाला, धर्म नसेल तर माणूस नीतीनं वागेल का यावर. काका म्हणाले धर्म सुटला की सगळं सुटलं. मला मात्र वाटत राहिलं की आपण दोघं धर्म हा शब्द एकाच अर्थानं वापरतच नाहीये.

शेजारधर्म घ्या. शेजारच्याचं घर गळतंय तर ताडपत्री घेऊन धावायचं, यात पूजा कुठली न देव कुठला? दानधर्म, 'धर्माची गाय आणि दात का गं नाय', यात धर्म म्हणजे फुकट दिलेलं. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशातही धर्मचा एक अर्थ दान असा मिळतो. शाळेत पदार्थाचे गुणधर्म शिकलो तिथे तर नुसता स्वभाव. मूळ धातू धृ, धरून ठेवणं. रिलिजनला धर्म म्हणायला लागलो आणि हे बाकीचे अर्थ मागे पडले, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात असं माझं ठाम मत आहे.

आता इमान. हर्णै बंदरात संध्याकाळी लिलाव असतो, होड्यांतनं मासळी उतरते, बैलगाड्या पाण्यात जातात, नुसती घाई. तिथे मी एका मावशींकडून सुरमई घेतली, पैसे दिले आणि निघालो तर मागून हाक, "ओ दादा, थांबा, नोटा दोन चिकटल्यात!" पाचशेची जास्तीची नोट ओली होऊन दुसरीला चिकटलेली. मी म्हटलं मावशी, देव बघतो म्हणून दिलीत काय? तर म्हणाल्या, "देव कशाला बघायला हवा, माझ्या हाताला लागली ना. धंद्यात इमान लागतं." कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि तोंडात शब्द अरबीतला, ज्याचा तिकडचा अर्थच मुळी श्रद्धा! मराठीत येऊन तो सचोटी झाला, आपण कुत्र्यालासुद्धा इमानी म्हणतो.

बाणकोटची :
दादा, थोडं वेगळं सांगते. आमच्या घरी ईमान म्हणजे आधी अल्लावरचा विश्वास, तो अर्थ अजून जिवंत आहे. पण अब्बांचं किराणा दुकान आहे आणि तराजूत काटा मारला तर ईमान गेलं असंच ते म्हणतात, त्यांना हे दोन अर्थ वेगळे वाटतच नाहीत. त्यामुळे शब्द श्रद्धेपासून सुटला असं सगळ्यांच्या बाबतीत नका म्हणू.

कुडाळवाला :
आमच्याकडे धाकाचे शब्दपण आहेत की. लहानपणी आजी म्हणायची, "काजीच्या बियांका हात लाव नको, राखणदार बघता." राखणदार म्हणजे जागेची राखण करणारी, न दिसणारी शक्ती. आणि खरंच बागेत कोण शिरत नसे. धाकाने का होईना चोरी थांबते हे मान्य करा. पण तीच आजी पावण्यासमोर ताटातला मोठा तुकडा उचलला की "बरां दिसत नाय" म्हणायची, त्यात देवाचं नाव नाही, आणि ते मला जास्त लागायचं.

हर्णैकर :
बाणकोटची ताई, बरोबर आहे, मी घाईने लिहिलं. त्या मावशींच्या तोंडी जो अर्थ होता तेवढाच माझा मुद्दा, तुमच्या अब्बांचा अर्थ जुना आहे आणि पुराही आहे.

कुडाळवाले, राखणदार रात्रीचा बागेत चालतो, पण त्या चिकटलेल्या नोटेचं काय, ती तर मी स्वतःच दिली होती, कोण बघणार होतं? तिथे मला आपला दुसरा शब्द आठवतो, मन खातं. 'पाप लागेल' मध्ये पाप बाहेरनं येऊन लागतं, 'मन खातं' मध्ये आपलंच आपल्याला खातं. नास्तिक माणसाचंही मन खातं, माझ्या ओळखीत आहेत असे, उधारी बुडवली तर झोप न येणारे.

मालवणीत आणि बाणकोटकडे या 'मन खातं' ला काय म्हणतात? नेमका घरातला शब्द सांगा, पुस्तकी नको.